आधी बाळाचे कान तपासून घ्या

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. जन्मापासून तिच्या कपाळावर बरोबर मधोमध पांढऱ्या केसांची बट आहे. डोळे दोन्ही निळेभोर. आमच्या घरात कुणाचेच डोळे असे नाहीत. शेजारपाजारचे आधी 'परीसारखी आहे' म्हणायचे, आता हळूच 'कोड तर नाही ना' असं विचारतात. सासूबाई म्हणतात, दिवस असताना मी ग्रहणात अंगणात गेले, त्याचं हे फळ. नणंदबाई म्हणतात, जावळ काढलं की बट जाईल. मी बारावी सायन्सपर्यंत शिकले आहे. मोबाइलवर वाचलं की मेलॅनिन, म्हणजे केसांना-कातडीला रंग देणारं द्रव्य, फक्त कातडीत नसतं, मेंदूत, हृदयात आणि चरबीतसुद्धा तयार होतं. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. केसांत रंग नाही म्हणजे तिच्या मेंदूतही नसेल का? हृदयाची तपासणी करावी का? बाकी मुलगी छान हसते, बाळसं धरलंय, अगदी शांत आहे. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी झोपमोड होत नाही. मिस्टरांचे केस चोविसाव्या वर्षीच पिकले, ते कलप लावतात. त्यांच्या आजीची एक बहीण मुकी होती असं ऐकलंय, पण ते सगळं जुनं झालं. कृपया मार्गदर्शन करावं.

— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

तुम्ही मेंदूबद्दल विचारलंत, हृदयाबद्दल विचारलंत. त्याची उत्तरं देतेच. पण पत्राच्या शेवटी, जाता जाता म्हणून तुम्ही तीन गोष्टी लिहून गेलात. कुकरच्या शिट्टीने बाळ दचकत नाही, मिस्टरांचे केस फार लवकर पिकले आणि त्यांच्या आजीची बहीण मुकी होती. पांढरी बट आणि निळे डोळे यांच्या जोडीला या तीन गोष्टी आल्या की मला सगळ्यात आधी एकच सांगायचं आहे: बाळाच्या कानांची तपासणी करून घ्या. याच आठवड्यात. जावळाच्या मुहूर्तासाठी थांबू नका, आणि 'बोलायला लागली की कळेलच' असं कुणी म्हणालं तर तेही मनावर घेऊ नका.

तिला ऐकू येत नाही, असं मी पत्रावरून म्हणत नाही. तसं कुणालाच म्हणता येणार नाही. दोन्ही कान ठणठणीत असतील आणि पोरगी नुसतीच गाढ झोपणारी असेल, असंही होऊ शकतं. पण ते तपासूनच कळेल, घरात थाळी वाजवून नाही.

आता तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नाकडे येते.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, एक काळपट पट्टा असतो. मेंदूचा छेद घेतला तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि फ्रान्समधले वैद्य फेलिक्स विक दाझीर यांनी १७८६ सालीच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. त्याला सबस्टान्शिया नायग्रा म्हणतात. त्याचा काळेपणा न्यूरोमेलॅनिनमुळे येतो. पण हा रंग तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या. केसांना आणि कातडीला रंग देतात त्या मेलॅनोसाइट पेशी. मेंदूतला हा रंग मात्र डोपामिन हे संदेश नेणारं रसायन बनवणाऱ्या चेतापेशी स्वतःच साठवतात, डोपामिनचं रूपांतर होता होता. नवजात बाळाच्या मेंदूत तो जवळपास नसतोच. दोन-तीन वर्षांनंतर दिसायला लागतो आणि वयाबरोबर गडद होत जातो. म्हणजे आज तुमच्या मुलीच्या मेंदूतला हा पट्टा फिका असणार, आणि शेजारच्या काळ्याभोर केसांच्या बाळाचाही तितकाच फिका असणार. ज्यांच्या केसांत, कातडीत, डोळ्यांत जन्मतःच रंग बनत नाही अशा माणसांच्या मेंदूतही मोठेपणी हा काळा पट्टा असतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, याच पेशी मरत जातात आणि पट्टा फिकट होतो. पण तो आजार बहुधा उतारवयातला, आणि त्याचा कपाळावरच्या बटेशी काही संबंध नाही. तेव्हा मेंदूची काळजी आजपासून सोडून द्या.

हृदयाचंही तसंच. हृदयाच्या झडपांमध्ये आणि वरच्या कप्प्यांच्या भिंतींत थोड्या मेलॅनोसाइटसारख्या पेशी खरोखरच सापडतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की उंदरांत या पेशी बिघडल्या तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. संशोधन म्हणून ते मोलाचं आहे. पण पांढरी बट दिसली म्हणून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करायला मी सांगणार नाही. बालरोगतज्ज्ञ नेहमीच्या तपासणीत छातीला स्टेथोस्कोप लावतात, तेवढं पुरे.

चरबीबद्दलची बातमीही २००९ मधली. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या गटाला अतिशय लठ्ठ माणसांच्या चरबीत मेलॅनिन बनत असल्याच्या खुणा मिळाल्या. सुजलेल्या, ताणाखाली असलेल्या चरबीत हा रंग अपायकारक ऑक्सिडंट्सना आवर घालत असावा, असा त्यांचा कयास होता. तुमच्या बाळाच्या बाळशाशी त्याचा दुरूनही संबंध नाही. मेंदूवरच्या पातळ आवरणातही या रंगपेशी असतात, तिथेही तुम्हाला काही करायचं नाही.

एवढी ठिकाणं तुम्ही वाचलीत, आणि जिथे खरोखर अडू शकतं ती जागाच नेमकी राहून गेली. ती जागा म्हणजे कान. बाहेर दिसतो तो नाही, अगदी आतला.

आतल्या कानात कॉक्लिया नावाचा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक छोटा अवयव असतो. तिथे रंगद्रव्य असतं हे इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ सालीच पाहिलं होतं. अंधाऱ्या हाडात, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे रंग कशाला, हे मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षं नीट कळलं नाही. कॉक्लियाच्या बाहेरच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पट्टी असते, स्ट्रिया व्हॅस्क्युलारिस. तिच्यात पेशींचे तीन थर. त्यातला मधला थर मेलॅनोसाइट्सचा. केसाच्या मुळाशी असतात त्यांचीच ही भावंडं.

या मधल्या थराचं काम रंग देणं नाही. कॉक्लियातल्या एका पोकळीत जो द्रव असतो, त्यात पोटॅशियम रक्तातल्यापेक्षा सुमारे तीसपट असतं, आणि त्या द्रवावर साधारण ८० ते १०० मिलिव्होल्टचा विद्युत दाब कायम टिकून असतो. हा दाब निर्माण करण्यात मधल्या थरातल्या पेशींचा मोठा वाटा आहे. आवाज आला की त्या दाबाच्या जोरावर पोटॅशियम ऐकण्याच्या पेशींमध्ये शिरतं आणि संदेश मेंदूकडे निघतो. घरातले सगळे नळ नवे आणि पाइपही धड, पण गच्चीवरची टाकी कोरडी असेल तर एकाही नळाला पाणी यायचं नाही, तसं इथे होतं. एका कानात ऐकण्याच्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्या सुरुवातीला जागच्या जागी असल्या तरी दाब नसला तर काम करू शकत नाहीत, आणि काही काळाने त्यांचाही ऱ्हास होतो. ब्रिटनमधल्या कॅरन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांवर हेच दाखवलं. ज्या कानांत मेलॅनोसाइट पोचल्या नव्हत्या, तिथे हा दाब तयारच होत नव्हता.

बारावीला बायॉलॉजी होतं, म्हणून अजून एक बारकावा सांगते, कारण इथेच अनेकांची गल्लत होते. अल्बिनिझम असलेल्या माणसांच्या केसांत आणि कातडीत रंग नसतो, पण त्यांना बहुतेक वेळा व्यवस्थित ऐकू येतं. त्यांच्यात मेलॅनोसाइट पेशी असतात, जागेवरही असतात, फक्त त्यांना रंग बनवता येत नाही. कानाला रंगाची नाही, पेशीची गरज आहे. तुमच्या मुलीच्या बटेत मात्र बहुधा या पेशीच नाहीत. म्हणून प्रश्न असा की कपाळाच्या मध्यापर्यंत न पोचलेल्या या पेशी कानापर्यंत तरी पोचल्या का.

पोचल्या म्हणजे काय, तेही सांगते. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीच्या बाजूला, पुढे जिथे मज्जारज्जू होणार तिथे, न्यूरल क्रेस्ट नावाचा पेशींचा समूह तयार होतो. तिथून निघून या पेशी शरीरभर पसरतात. काही कातडीत आणि केसांच्या मुळांत जातात, काही डोळ्याच्या रंगीत पडद्यात, काही आतल्या कानात. काही आतड्याच्या भिंतीत जाऊन तिथल्या चेतापेशी होतात. पाठीकडून निघालेल्यांना कपाळाचा आणि पोटाचा मध्यभाग सगळ्यात लांब. म्हणून वाटेत कमी पडल्या तर बहुतेक वेळा तिथेच पांढरं राहतं. हे सगळं गरोदरपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आईच्या हातात काहीही नसताना घडतं, आणि पेशींना दिशा देणाऱ्या जनुकांत एखादा बदल असेल तर त्या वाटेतच राहतात. ग्रहण, अंगण, सुरी, कात्री यांचा त्यात कणभरही हात नाही. सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगा. हा दोष तुमच्या माथी मारलेला मला मुळीच पटलेला नाही.

पांढरा रंग, निळे डोळे आणि बहिरेपण एकत्र येतात हे लोकांनी जनावरांत फार आधी हेरलं होतं. निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, असं चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली लिहिलं. पुढे त्यांनीच ते विधान पूर्ण पांढऱ्या मांजरांपुरतं आणि तेही 'बहुधा' असं मर्यादित केलं. माणसांत ही सांगड पक्की घातली ती नेदरलंड्समधले नेत्रतज्ज्ञ पेट्रुस योहानेस वार्डेनबर्ग यांनी. तिथल्या बहिऱ्यांच्या संस्थांमधल्या माणसांना तपासून त्यांनी १९५१ साली जे वर्णन प्रसिद्ध केलं, त्यालाच आज वार्डेनबर्ग सिंड्रोम म्हणतात.

मला संशय आहे तो याचाच. तुम्ही एक गोष्ट पाहा. बाळ जागं आणि खुशीत असताना उजेडात तिच्या डोळ्यांच्या आतल्या, नाकाकडच्या कोपऱ्यांकडे नीट बघा. बाहुल्यांमधलं अंतर नेहमीसारखं असूनही डोळे एकमेकांपासून लांब वाटतात का? नाकाच्या बाजूचा पांढरा भाग फारच कमी दिसतो का? नाकाचं मूळ रुंद आहे का? असं असेल तर ती वार्डेनबर्गच्या पहिल्या प्रकाराची खूण. नसेल तर दुसरा प्रकार असू शकतो, आणि त्यात उलट कान बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं. पहिल्या प्रकारात साधारण निम्म्या लोकांना ऐकण्याचा त्रास असतो, दुसऱ्यात त्याहून बऱ्याच जणांना. तेव्हा 'डोळे तर नीट आहेत' म्हणून निर्धास्त राहू नका.

आता मिस्टरांचे केस. तिशीच्या आत केस पिकणं ही याच सिंड्रोमची एक खूण आहे. एकटी असेल तर तिला फारसा अर्थ नाही, कितीतरी जणांचे केस लवकर पिकतात. पण निळ्या डोळ्यांच्या, पांढऱ्या बटेच्या मुलीच्या वडिलांचे केस चोविसाव्या वर्षी पिकलेले असतील आणि त्याच घराण्यात एक न बोलणारी आजी असेल, तर डॉक्टरला तिन्हींचा धागा जोडावाच लागतो. एकाच घरात कुणाला फक्त पिकलेले केस, कुणाला एक डोळा निळा आणि एक तपकिरी, तर कुणाला पूर्ण बहिरेपण, इतकं वेगवेगळं रूप हे घेतं. बहुतेक घराण्यांत आई-वडिलांपैकी ज्यांच्याकडे तो बदललेला जनुक असेल, त्यांच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आणि त्या आजीबद्दल एक सांगते. तिचा गळा, तिची जीभ बहुधा धडच असणार. जन्मापासून ऐकू न आलेलं मूल बोलायला शिकू शकत नाही, आणि त्या काळी ते वेळेत ओळखायची सोय नव्हती. आज आहे.

एक विनंती. हे कळल्यावर घरात दोषाचं बोट तुमच्याकडून मिस्टरांकडे वळू देऊ नका. त्यांनीही ते मागून घेतलेलं नाही. उलट त्यांनाही स्वतःची ऐकण्याची तपासणी करून घ्यायला सांगा. एका कानाने कमी ऐकू येणारी कितीतरी माणसं आयुष्यभर त्याची जाणीव न होता वावरतात.

पोटाबद्दल एक प्रश्न विचारायचा राहिला. जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले होते का? आता पोट सारखं फुगतं, शी चार-चार दिवस अडते, हिरवट उलट्या होतात, असं काही आहे का? मुंबईतले डॉ. के. एन. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पांढरी बट असलेल्या अशा बाळांची नोंद केली, ज्यांच्या आतड्यांच्या मोठ्या भागात चेतापेशी पोचल्याच नव्हत्या. त्यामुळे शी पुढे सरकत नसे. या चौथ्या प्रकाराला जगभर वार्डेनबर्ग-शाह म्हणतात. तुमच्या बाळाने चांगलं बाळसं धरलंय म्हणजे याची शक्यता कमीच. पण वरच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर बालरोगतज्ज्ञांना ते आपणहून सांगा. पोट फुगलं असेल आणि हिरवी उलटी होत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता तपासणी. दोन करायच्या आहेत, ओएई आणि बेरा. ओएईमध्ये कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात, आवाज सोडतात, आणि आतला कान त्याला देतो तो बारीकसा प्रतिसाद यंत्र पकडतं. काही मिनिटांचं काम. पण तुमच्या बाळासाठी मी फक्त ओएईवर थांबणार नाही. बेरामध्ये कपाळावर आणि कानांमागे पातळ वायरी चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात, आणि तो मेंदूच्या खोडापर्यंत पोचला की पडद्यावर लहरी उमटतात. तपासणारा त्यातली पाचवी लहर शोधतो. आवाज कमी करत करत ती कुठपर्यंत टिकते, त्यावरून प्रत्येक कान किती ऐकतो ते कळतं. दुखत काहीच नाही. फक्त बाळ गाढ झोपलेलं लागतं.

म्हणून त्या दिवशी सकाळी तिची झोप होऊ देऊ नका, प्रवासात खेळवत ठेवा. तिथे पोचल्यावरच पोटभर पाजा. कपाळाला, डोक्याला तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. आणि कानात तेल तर आजपासूनच बंद, तपासणीपुरतं नाही, कायमचं. तेलाने आणि मळाने ओएईचा निकाल चुकतो आणि मग विनाकारण दुसरी फेरी पडते. झोप लागलीच नाही तर झोपेचं औषध देतात, ते तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं, घरून पाजून न्यायचं नाही.

कुठे जायचं? तुमच्या आशाताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याला असतं, आणि त्यांच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या ठिकाणच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लहान मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, बाळाला पाठवता येतं. जन्मजात बहिरेपण या कार्यक्रमात आहे. तिथे तारीख लांबची मिळाली तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. खासगी ठिकाणी करणार असाल तर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे ना, आणि बेरा नीट, दोन्ही कानांचा वेगवेगळा करतात ना, एवढं फोनवर विचारून घ्या.

घाई का करते, तर कानांसाठी जगभर पाळला जाणारा एक हिशेब आहे: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. तुमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. म्हणजे हातात दीड महिना आहे. तो पुरेसा आहे, वाया घालवला नाही तर. मेंदूतला ऐकण्याचा भाग पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला तरच नीट घडतो. पुढे यंत्र दिलं तरी मागे पडलेलं भरून काढणं फार अवघड जातं. आणि या वयात मूल फसवतं. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे महिने हुंकार देतात, आवाज काढतात. दार आपटलं की जमिनीच्या हादऱ्याने वळतात, तुमची सावली हलली की हसतात. आई-वडिलांना कळत नाही यात त्यांची काही चूक नसते. तुम्ही कुकरची शिट्टी लक्षात ठेवून ती पत्रात लिहिलीत, हेच फार चांगलं केलंत.

कान चांगले निघाले तर आनंदच. तरी वर्षभराने एकदा पुन्हा तपासा. एकच कान कमी असेल तर ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली राहा. दोन्ही कानांत मोठा दोष निघाला तर आधी श्रवणयंत्रं लागतील, आणि त्यांनी भागलं नाही तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होईल. त्यात एक बारीक तार कॉक्लियात बसवतात, आणि ती ऐकण्याच्या पेशींना वगळून थेट नसेला संदेश देते. वार्डेनबर्गमध्ये बिघाड कॉक्लियात असतो, नस बहुधा शाबूत असते. म्हणून या मुलांना इम्प्लांटचा उपयोग सहसा चांगला होतो. काहींच्या आतल्या कानाची रचनाच वेगळी असते, ते आधी स्कॅनमध्ये पाहतात. खर्चाने हबकून जाऊ नका. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इम्प्लांटला मदत मिळते, आणि ते काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. उत्पन्नाच्या अटी आणि कागदपत्रं तिथून विचारून घ्या. मात्र ऑपरेशन झालं म्हणजे मूल बोलायला लागलं असं होत नाही. पुढे काही वर्षं स्पीच थेरपी, आणि रोज घरी आईबाबांनी, आजीने, सगळ्यांनी तिच्याशी बोलत राहणं, हे खरं काम. काही घरं खुणांची भाषाही शिकतात. तीही पूर्ण भाषा आहे. ज्या मुलाला भाषा मिळते ते मागे राहत नाही, मग ती तोंडाची असो की हातांची.

तपासणी होईपर्यंत तिच्याशी बोलणं, गाणं थांबवू नका. फक्त उजेडात, तिच्या तोंडासमोर बसून बोला, म्हणजे तुमचे ओठ आणि चेहरा तिला दिसेल.

कोडाचं उत्तर थोडक्यात. जन्मतःच असलेली, एका जागची पांढरी बट म्हणजे कोड नव्हे. कोड नंतर येतं, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उठते म्हणून. आणि तेही संसर्गजन्य नसतं, हे शेजाऱ्यांना जरूर सांगा. तुमच्या मुलीची बट पसरणार नाही. नुसती पांढरी बट आणि कातडीवर पांढरे चट्टे असणारा पायबाल्डिझम नावाचा आणखी एक प्रकार असतो, त्यात कान बहुधा चांगले असतात. पण त्यात डोळे असे निळे नसतात, म्हणून माझा कल तिकडे नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी एकदा तिचं सगळं अंग, विशेषतः पोट आणि पाय, पाहावं.

जावळ हौसेनं काढा. मुळांत रंगपेशी नाहीत, त्यामुळे बट पुन्हा पांढरीच येईल. क्वचित ती पुढे आपोआप काळी होते, पण तेवढ्याने कानांची तपासणी रद्द होत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बटेला कलप वगैरे लावू नका, डोळ्यांत काजळ घालू नका. निळे डोळे म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्यात रंगद्रव्य कमी, आजार नव्हे. उन्हात टोपी घाला आणि एकदा नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे रेटिना, पाहून घ्या. दृष्टी बहुतेक चांगलीच असते.

जनुकीय तपासणी करता येते, पण तिच्यासाठी कानांची तपासणी अडवून ठेवू नका. पुढच्या बाळाचा विचार कराल तेव्हा आधी जनुकीय सल्ला घ्या, आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याच्या आधीपासून किती घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. वार्डेनबर्गच्या पहिल्या प्रकारात बाळाच्या मज्जारज्जूच्या दोषाचा धोका थोडा वाढलेला असू शकतो, म्हणून हे महत्त्वाचं.

एका कागदावर चार ओळी लिहून सोबत न्या: जन्मापासून पांढरी बट, दोन्ही डोळे निळे, वडिलांचे केस चोविसाव्या वर्षी पिकलेले, वडिलांच्या आजीची बहीण बोलत नव्हती. गर्दीच्या ओपीडीत हे तोंडी सांगायचं राहून जातं. बेराचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठवा. उजव्या आणि डाव्या कानासमोरचे डेसिबलचे आकडे नीट वाचता येतील असा काढा.